भिजलेली वळकटी

मी सातवीत असताना तालुक्याच्या गावी एका वसतिगृहात राहत होतो. एका लांबट हॉलमध्ये आम्ही चाळीस मुलं जमिनीवर अंथरूण टाकून झोपायचो. प्रत्येकाची घरून आणलेली वळकटी असे. एक सतरंजी, एक गोधडी, एक चादर आणि उशी म्हणून कपड्यांचं गाठोडं. पहाटे साडेपाचच्या घंटेला वळकट्या गुंडाळून भिंतीकडेला रचायच्या. पाचवीतला एक मुलगा मात्र घंटेच्या कितीतरी आधी उठलेला असायचा. अंधारात चाचपडत तो गोधडीची ओली बाजू आत दुमडायचा, वर कोरडी घडी यावी म्हणून दोन-तीनदा उलटापालट करायचा, दोरी गच्च आवळायचा आणि वळकटी सगळ्यांच्या खाली सारून द्यायचा. दिवसभर ती तशीच बंद राही. रात्री उलगडली की वास सुटे आणि त्याच ओलीवर तो पुन्हा झोपे.

महिनाभरात सगळ्या हॉलला कळलं. मुलं त्याला ‘मुतऱ्या’ म्हणू लागली. लाज वाटली म्हणजे सुधारेल, असं म्हणून रेक्टर सरांनी त्याची गोधडी प्रार्थनेच्या पटांगणासमोर कुंपणाच्या तारेवर वाळत घालायला लावली. मग रात्रीच्या जेवणातलं त्याचं ताक बंद झालं, त्यामागोमाग पाणीही. संध्याकाळी सहानंतर तो घोटभर पाणी पीत नसे, आणि पहाटे अंथरूण ओलंच. दिवाळीच्या सुट्टीला गेला तो परत आला नाही. हसणाऱ्यांत मीही होतो, हे इथे लिहून ठेवलं पाहिजे. त्या मुलाला कुणी एकदाही जवळ घेऊन विचारलं नाही, की बाळा, हे होतं तेव्हा तुला कळतं का? विचारलं असतं तर त्याने खरं तेच सांगितलं असतं. कळत नाही.

या दोन शब्दांवर फार थोड्या मोठ्या माणसांचा विश्वास बसतो. दवाखान्यात येणारी आई म्हणते, “एवढा घोडा झाला तरी गादी ओली करतो. दिवसा बरं सगळं समजतं याला!” तिच्या बोलण्यात राग असतो, थकवाही असतो. रोज सकाळी चादरी धुणं, मेणकापड पुसणं, पावसाळ्यात न वाळणारी गादी आणि पाहुण्यांकडे मुक्कामाला जायची चोरी हे सगळं तीच सोसते. पण तिच्या वाक्यातच सगळ्या गोंधळाची गाठ आहे. दिवसा समजतं म्हणजे रात्रीही समजत असलं पाहिजे, असं आपण धरून चालतो. लघवी रोखण्याचं दिवसाचं काम आणि रात्रीचं काम ही शरीराच्या दृष्टीने दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं शिकायला काही मुलांना बराच जास्त वेळ लागतो.

वैद्यकशास्त्रात याला एन्युरेसिस म्हणतात. आपल्याकडचा जुना शब्द शय्यामूत्र. शार्ङ्गधरसंहितेत बालरोगांमध्ये त्याचा उल्लेख आहे. म्हणजे ही तक्रार आजच्या आईबापांनी लाडावून ठेवलेल्या मुलांची नव्हे. इजिप्तमधल्या सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एबर्स पपायरसमध्येही तिच्यावर औषध सांगितलं आहे. इंग्लंडमध्ये टॉमस फेअर याने १५४५ साली मुलांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं, त्यात अंथरुणात लघवी होण्यावर स्वतंत्र भाग आहे आणि कोंबड्याच्या घशाची नळी जाळून केलेली पूड द्यायला सांगितली आहे. औषधं चमत्कारिक होती, पण फेअरने निदान या गोष्टीला रोगांच्या रांगेत बसवलं होतं. पुढच्या काळात ती शिस्तीच्या खात्यात गेली.

ती तिथे गेल्यावर काय होतं, हे एका मोठ्या लेखकाने लिहून ठेवलं आहे. जॉर्ज ऑर्वेलचा जन्म १९०३ साली बिहारमधल्या मोतिहारीचा. वयाच्या आठव्या वर्षी त्याला इंग्लंडमध्ये ईस्टबर्नच्या निवासी शाळेत घातलं. घरी हा त्रास केव्हाच थांबला होता, शाळेत गेल्यावर पुन्हा सुरू झाला. त्याला त्यासाठी छडीने मार बसला. आपल्या बालपणावरच्या निबंधात तो सांगतो, की आपण देवाची प्रार्थना करायचो आणि तरीही सकाळी अंथरूण ओलं असायचं. त्यातून त्या पोराने एक निष्कर्ष काढला, की पाप हे आपण करतोच असं नाही, ते आपल्या बाबतीत घडूही शकतं. हा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १९५२ साली छापून आला. चाळिशी उलटलेल्या माणसाला आठव्या वर्षीचा तो मार इतका लख्ख आठवत होता.

आता शरीराकडे वळू. मूत्रपिंडांत तयार झालेली लघवी थेंबाथेंबाने मूत्राशयात उतरते. मूत्राशय म्हणजे स्नायूंची पिशवी. भरत असताना तिने सैल राहायचं आणि तिच्या तोंडाशी असलेल्या स्नायूने आवळून राहायचं. रिकामं करायची वेळ आली की उलट घडलं पाहिजे. पिशवी आकसते, तोंड सैल होतं. तान्ह्या बाळात हा सगळा कारभार मुख्यतः मज्जारज्जू आणि मेंदूच्या तळाचा भाग आपसांत उरकतात. पिशवी भरली की संदेश जातो, तिकडून हुकूम सुटतो आणि दुपटं ओलं होतं. मेंदूच्या वरच्या, विचार करणाऱ्या भागाला विचारलं जात नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या सुमारास वरचा भाग या कारभारात लक्ष घालू लागतो. ‘थांब, आत्ता नको’ असा निरोप खाली धाडायला तो शिकतो. मूल धावत येऊन “आई, शू” म्हणतं तो दिवस या शिक्षणातला मोठा टप्पा असतो.

तिथे पोचायला आपल्या आया-आज्या एक साधी युक्ती वापरत आल्या आहेत. बाळाला पायांवर धरायचं आणि ओठांतून “शू… शू…” असा आवाज काढायचा. रोज आवाज आणि लघवी एकत्र घडली की काही दिवसांनी नुसत्या आवाजानेही बाळ शू करतं. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे तिचंच उलटं रूप आपल्याला भेटणार आहे.

झोपेत मात्र ‘थांब’ म्हणणारा मेंदूचा भाग विश्रांतीवर असतो. मग आपण मोठी माणसं सात-आठ तास कोरडी कशी राहतो? तीन गोष्टी एकत्र जमून आलेल्या असतात, म्हणून. रात्री लघवी कमी तयार होते. जी तयार होते ती मावेल इतकी पिशवी मोठी आणि शांत असते. आणि तरीही ती भरलीच, तर आपल्याला जाग येते. या तिन्हींपैकी जाग येण्याची गोष्ट बिघडलेली असली आणि तिच्या जोडीला पहिली किंवा दुसरी लंगडी असली, की गादी ओली होते.

पहिली गोष्ट हार्मोनची. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचं द्रव्य रक्तात सुटतं. मूत्रपिंडांना ते सांगतं, की पाणी वाया घालवू नका, परत रक्तात घ्या. बहुतेकांमध्ये रात्री त्याचं प्रमाण वाढतं, म्हणून पहाटेची लघवी थोडी आणि गडद पिवळी असते. डेन्मार्कमधल्या आरहूस इथल्या संशोधकांनी १९८०च्या दशकात अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांच्या रक्तात हे द्रव्य दिवसरात्र मोजलं. त्यांतल्या कित्येक मुलांमध्ये रात्रीची वाढ होतच नव्हती. त्यांची मूत्रपिंडं मध्यरात्रीही भर दुपारसारखी काम करत होती. अशा मुलाची गादी थोडी ओली होत नाही, चिंब होते. अंगाखालची चादर, गोधडी, कधी शेजारी झोपलेल्या भावंडाची विजारसुद्धा भिजते.

दुसरी गोष्ट पिशवीची. मुलाच्या मूत्राशयात किती लघवी मावावी याचा एक सोपा हिशेब डॉक्टर करतात. वयात १ मिळवायचा आणि ३० ने गुणायचं. आठ वर्षांच्या मुलाचं उत्तर येतं २७० मिलिलिटर, म्हणजे मोठा पेलाभर. साधारण बाराव्या वर्षापर्यंत हा हिशेब चालतो. काही मुलांची पिशवी याच्या निम्म्यावरच कुरकुर करू लागते, मधेच आकसते. अशी मुलं दिवसाही ओळखू येतात. तासातासाला लघवीला पळतात, खेळता खेळता एकदम पाय आवळून उभी राहतात, मुली टाच खाली घेऊन तिच्यावर बसतात. आईला वाटतं, खेळाच्या नादात आळस करतेय. प्रत्यक्षात ती आकसणाऱ्या पिशवीचं तोंड टाचेने दाबून धरत असते. चिमुकल्या जिवाने शोधलेला तो उपाय असतो.

तिसरी गोष्ट झोपेची, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त अन्याय इथेच होतो. कॅनडात १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलग्यांच्या कानांना झोपेत हेडफोन लावले आणि आवाज वाढवत नेला, थेट १२० डेसिबलपर्यंत. हा आवाज लग्नाच्या वरातीतल्या डीजेपाशी उभं राहिल्यासारखा झाला. अंथरूण कोरडं ठेवणारी मुलं साधारण ४० टक्के वेळा जागी झाली. ओलं करणारी मुलं फक्त ९ टक्के वेळा. ज्या मुलाला कानात एवढा गोंगाट घातला तरी जाग येत नाही, त्याला पोटातल्या भरल्या पिशवीच्या हळू हाकेने जाग यावी, ही अपेक्षा आपण करतो, आणि जाग आली नाही की आळशी म्हणतो.

ही मुलं किती असतात? पाच वर्षांच्या मुलांत साधारण १५ टक्के, सात वर्षांच्या मुलांत ५ ते १० टक्के, दहाव्या वर्षी सुमारे ५ टक्के. मुलग्यांचं प्रमाण मुलींच्या साधारण दुप्पट. दुसरीचा साठ मुलांचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. त्यात तीन ते सहा मुलं अशी असणार, आणि त्यांतल्या प्रत्येकाला वाटत असणार की सगळ्या जगात आपण एकटेच. दरवर्षी यांतली सुमारे १५ टक्के मुलं कोणत्याही उपचाराशिवाय आपोआप बरी होतात. ‘वाढत्या वयात जाईल’ हे घरातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं म्हणूनच बऱ्याच अंशी खरं आहे. पण ते जाईपर्यंतची पाच-सहा वर्षं मुलाने कशी काढायची, हे त्यात सांगितलेलं नसतं. आणि शंभरातल्या एखाद्याचं ते मोठेपणीही जात नाही.

हे घराण्यातून येतं, हेही आता पक्कं कळलं आहे. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, दोघांनाही असेल तर ७७ टक्के. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १९९५ साली काही कुटुंबांमध्ये त्याचा दुवा तेराव्या गुणसूत्रापर्यंत नेऊन भिडवला. नाकडोळे वडिलांवर गेले म्हणून कौतुक करतो, तसंच हेही वडिलांवर गेलेलं असतं. फक्त वडील ते सांगत नाहीत. दवाखान्यात हा प्रश्न विचारला की बाप जमिनीकडे बघतो आणि आजी म्हणते, “हो, याचंही आठवीपर्यंत होतं की!” मुलाच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटतं ते पाहण्यासारखं असतं. आपल्याला रागावणारे बाबा, धडधाकट, नोकरीला जाणारे बाबा, तेही? माझ्या मते त्या एका वाक्यात निम्मा उपचार झालेला असतो.

एका कारणाकडे मात्र जवळपास प्रत्येक घरात दुर्लक्ष होतं, ते म्हणजे बद्धकोष्ठता. मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक आणि मूत्राशय शेजारी शेजारी, एकाच अरुंद जागेत असतात. आतड्यात दिवसचे दिवस कडक मळ साठला की तो मूत्राशयाला मागून जागा उरू देत नाही, आणि तिथल्या नसांनाही डिवचत राहतो. अमेरिकेतल्या आयोवा इथे बद्धकोष्ठतेच्या २३४ मुलांचा एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश मुलांचं रात्री अंथरूण ओलं होत होतं. लघवीवर वेगळा काहीच उपचार न करता फक्त पोट साफ राहील असं पाहिलं, आणि त्यांतल्या ६३ टक्के मुलांचा रात्रीचा त्रास थांबला. म्हणून आईला विचारावं लागतं, की शी रोज होते का, खड्यासारखी होते का, कुंथावं लागतं का? बऱ्याचदा उत्तर येतं, “ते काही माहीत नाही, आता तो आपला आपण जातो.” चार-पाच वर्षांनंतर मुलाच्या शीकडे कुणाचं लक्ष नसतं. बिस्किटं, मैदा आणि पाकिटातल्या कुरकुरीत खाण्यावर दिवस काढणारं मूल भाकरी, पालेभाजी, पेरू, केळं आणि भरपूर पाण्यावर आलं, सकाळी शाळेच्या गडबडीआधी दहा मिनिटं निवांत बसू लागलं, की पुष्कळ फरक पडतो. पोट फारच कडक झालेलं असेल तर काही महिने औषध लागतं. ते डॉक्टरांकडूनच घ्यावं.

पाण्याचा घोटाळाही असाच. रात्री पाणी बंद करायचं, हा सगळ्यांना सुचणारा पहिला उपाय, आणि आमच्या वसतिगृहातही तोच झाला. पण मूल दिवसभर काय पितं ते बघा. संध्याकाळी दप्तरातून पाण्याची बाटली निघते ती सकाळी भरली तशीच. शाळेतलं स्वच्छतागृह घाण असतं, दाराला कडी नसते, बाई तासाला सोडत नाहीत, म्हणून मुलं, त्यातही मुली, पाणीच पीत नाहीत. घरी आल्यावर तहान उसळते आणि सगळं पाणी संध्याकाळी सहा ते नऊमध्ये पोटात जातं. वर चहा-बिस्किटांतला चहा, म्हणजे लघवी वाढवणारं कॅफीन. यावर पाणी बंद करणं हा उपाय नव्हे, पाण्याची वेळ बदलणं हा उपाय आहे. दिवसाच्या पाण्याचा मोठा वाटा शाळेतून येईपर्यंत पोटात गेला पाहिजे. दर दोन-अडीच तासांनी लघवीला जायचं, लागो न लागो. रात्री झोपायच्या आधी एकदा जायचंच. चहा मुलांना नकोच. तहानलेल्या मुलाला रात्री घोटभर पाणी नाकारू नये.

इथवर जे सांगितलं ते सुरुवातीपासून कधीच सलग कोरडं न राहिलेल्या मुलांबद्दल. एखादं मूल सहा महिने किंवा त्याहून जास्त छान कोरडं राहतं आणि मग अचानक पुन्हा भिजवू लागतं, तेव्हा थांबून विचार करावा लागतो. ऑर्वेलचं असंच झालं होतं. घरात नवं बाळ आलं असेल, शाळा बदलली असेल, आईवडील वेगळे राहू लागले असतील, कुणी मारत किंवा छळत असेल, किंवा नको तिथे हात लावणारं कुणी आसपास असेल, तर मुलाचं शरीर ते अशा रीतीने बोलून दाखवतं. शांतपणे, न घाबरवता चौकशी करावी. पण मनाच्या कारणाकडे वळण्याआधी रक्तातली साखर तपासावी. भिजवू लागलेलं मूल घटाघटा पाणी पीत असेल, रात्री उठून पाणी मागत असेल, खाऊनही वजन उतरत असेल, गळून गेलेलं असेल, तर तो लहानपणीचा मधुमेह असू शकतो. त्यात दिवस घालवणं जिवावर बेतू शकतं. साखर त्याच दिवशी तपासावी, उद्यावर टाकू नये.

आणखी काही खुणांवर डॉक्टरांकडे जायलाच हवं. लघवी करताना जळजळ, ताप, लघवीतून रक्त. मुलाची धार बारीक, थांबत थांबत, जोर देऊन होत असेल. मुलीची चड्डी दिवसभर सतत ओलसर, नियमित लघवीला जाऊनही. पाठीच्या खालच्या टोकाला केसांचा पुंजका किंवा खळगा, चालण्यात फरक. झोपेत जोरजोरात घोरणं, मधेच श्वास अडणं. या शेवटच्या तक्रारीत घशातल्या वाढलेल्या गाठींमुळे झोप बिघडलेली असते, आणि त्या काढल्यावर कित्येक मुलांचं अंथरूण कोरडं होतं. घशाचा आणि गादीचा असा संबंध असेल, हे कुणाच्या स्वप्नातही येत नाही.

उपचारांत सगळ्यांत टिकाऊ ठरलेला उपाय योगायोगाने सापडला. १९०४ साली ऑस्ट्रियातल्या ग्राट्स इथे मायनहार्ड फाउंडलर नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. वॉर्डातल्या मुलांची अंथरुणं ओली झाल्याचं परिचारिकांना लगेच कळावं, म्हणून त्यांनी विजेची एक घंटा बसवली. ओल लागली की मंडल जुळायचं आणि घंटा वाजायची. हेतू इतकाच, की ताबडतोब चादर बदलता यावी. पण काही आठवड्यांनी त्यांच्या लक्षात आलं, की मुलं भिजवेनाशीच झाली आहेत. १९३८ साली अमेरिकेत मॉवरर पतिपत्नींनी या घंटेचा उपचार म्हणून पद्धतशीर वापर केला. आजीच्या ‘शू… शू…’चं हे उलटं रूप. तिथे आवाजाने लघवी सुटायला शिकवायचं, इथे आवाजाने थांबायला आणि जागं व्हायला.

आजची घंटा काडेपेटीएवढी असते. चड्डीला लावायचा एक चिमटा आणि खांद्यावर अडकवायचा एक भोंगा. पहिल्या थेंबाला तो वाजतो. एक गोष्ट आधीच सांगायला हवी, नाहीतर घरं आठवडाभरात कंटाळून ते यंत्र माळ्यावर टाकतात. सुरुवातीला मूल त्या आवाजाने उठत नाही. घरातले सगळे उठतात, तेच एक झोपलेलं असतं. म्हणून आईने किंवा बाबांनी शेजारी झोपायचं, भोंगा वाजला की त्याला पूर्ण जागं करायचं, चालवत न्यायचं, उरलेली लघवी करवायची आणि चड्डी बदलून यंत्र पुन्हा लावायचं. पेंगत्या मुलाला उचलून नेण्याचा उपयोग नाही. त्याला काय घडलं हे कळलं पाहिजे. आधी ओला डाग लहान होतो, मग भोंगा उशिरा वाजू लागतो, मग मूल त्याच्याआधी उठतं किंवा झोपेतच रोखून धरतं. सलग १४ रात्री कोरड्या जाईपर्यंत हे चालू ठेवायचं, त्याला साधारण दोन-तीन महिने लागतात. सुमारे दोन तृतीयांश मुलं अशी कोरडी होतात. काहींचं पुन्हा सुरू होतं, त्यांना पुन्हा घंटा लावायची.

ज्या घरात चार माणसं एकाच खोलीत झोपतात, वडिलांची पाळी पहाटेची असते, तिथे रोज रात्री भोंगा वाजवणं सोपं नाही, हे मान्य करायला हवं. अशांसाठी आणि रात्री भरपूर लघवी होणाऱ्या मुलांसाठी डेस्मोप्रेसिन हे औषध आहे. १९६७ साली प्रागच्या रसायनशास्त्रज्ञांनी ते बनवलं. व्हॅसोप्रेसिनची ती सुधारून घडवलेली प्रतिकृती आहे. गोळी झोपण्याआधी घ्यायची, आणि त्या रात्री मूत्रपिंडं लघवी कमी करतात. सहलीला, शिबिराला, मामाच्या घरी जाताना मुलाला केवढा धीर येतो! मात्र गोळी थांबवली की बहुतेकांचा त्रास परततो, कारण तिने रात्र निभावलेली असते, मूल काही शिकलेलं नसतं. आणि एक पथ्य काटेकोर पाळावं लागतं. गोळीच्या एक तास आधीपासून आठ तासांनंतरपर्यंत पाणी अगदी मोजकं. शरीर पाणी धरून ठेवत असताना वरून ढसाढसा पाणी प्यायलं, तर रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. नाकात मारायच्या फवाऱ्याने हा धोका वाढतो, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ साली मुलांच्या या त्रासासाठी तो वापरू नये असं सांगितलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध शेजारणीने सुचवलं म्हणून देऊ नये.

तीळगूळ, काळे तीळ असे घरगुती उपाय आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत. तीळ खाण्यात अपाय काहीच नाही. पण त्यापायी पोट, पाणी आणि तपासणी मागे पडू देऊ नये. चटका देणं, उपाशी ठेवणं, सगळ्यांदेखत चादर दाखवणं, धाकट्या भावंडाशी तुलना करणं, हे मात्र उपाय नव्हेत, ती मारहाणच आहे. कोरड्या रात्रीसाठी बक्षीस ठेवणंही मला पटत नाही. जे मुलाच्या हातात नाही त्याचं बक्षीस म्हणजे उरलेल्या रात्रींची शिक्षा. बक्षीस द्यायचंच तर त्याच्या हातात आहे त्याचं द्यावं. पाण्याची बाटली संपवली, झोपण्याआधी जाऊन आला, सकाळी चादर बादलीत टाकायला मदत केली, याचं.

मोठ्यांबद्दल थोडं. खोकताना, हसताना, हंडा उचलताना लघवी सुटणं बाळंतपणांनंतर कितीतरी बायका मुकाट्याने सोसतात. लग्नाला जायचं टाळतात, प्रवासात पाणी पीत नाहीत. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ढिले झाल्याने हे होतं. अमेरिकेतले डॉक्टर आर्नल्ड केगल यांनी १९४८ साली त्या स्नायूंचा व्यायाम मांडला, आणि आजही तोच पहिला उपचार आहे. आणि साठी ओलांडलेल्या पुरुषाचं अंथरूण नव्याने ओलं होऊ लागलं, तर त्याला म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका. प्रोस्टेटमुळे तुंबलेली पिशवी रात्री ओसंडत असू शकते. पोट दुखत नसतं, आणि इकडे मूत्रपिंडं खराब होत असतात. मुलांना लाजवणारं घर आजोबांनाही लाजवतं, म्हणून आजोबा सांगत नाहीत.

आश्रमशाळा आणि वसतिगृहं चालवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. दहा-बारा वर्षांची मुलं घरापासून लांब तुमच्याकडे राहतात. चाळीस मुलांच्या हॉलमध्ये असं एखादं तरी मूल असण्याची शक्यता दाट आहे. प्रवेशाच्या वेळीच पालकांना हा प्रश्न खाजगीत विचारा. कपाटात चार जादा चादरी, दोन मेणकापडं आणि एक जादा गोधडी ठेवा. मागच्या बाजूला, पटांगणातून दिसणार नाही अशी एक वाळवणाची दोरी बांधा. पहाटे लवकर उठणाऱ्या त्या मुलाला कपाटाची किल्ली कुठे असते ते एकदा, एकट्याला घेऊन, सांगून ठेवा.